काचा आतून पुसू नका

३ मार्च, सोमवार

आज बेकरीवाला आला. कोपऱ्यावरचा, ज्याचा पाव आम्ही वीस वर्षं खातोय. खोका छातीशी घट्ट धरून दारात उभा. मला वाटलं केक आणलाय. म्हटलं, "कुणाचा वाढदिवस?" तर खोक्यातून निघाली आगगाडी! पत्र्याची, चावीची. एक इंजिन, सहा डबे. जुन्यातली जुनी चीज, असा रंग आता कुणी मारत नाही.

चाकं चालतात म्हणाला, चावी बसते. फक्त खिडक्या बघायच्या. म्हणजे पत्ता बरोबर काढला त्याने. हे होते तेव्हा घरी खेळण्यातल्या गाड्या दुरुस्तीला यायच्या. इंजिनं, चाकं, रंग यांच्याकडे असायचं आणि खिडक्या माझ्याकडे. हे गेले, बाकीचं काम बंद केलं, खिडक्या तेवढ्या ठेवल्या. त्याआधी तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात भिंगं घासली. काचेतलं मला कुणी शिकवायला नको.

या जुन्या गाड्यांच्या काचा म्हणजे खऱ्या काचा नव्हेतच. सेल्युलॉइडच्या पातळ पट्ट्या असतात. डब्याच्या एकेका बाजूला एक पट्टी, तिच्यात सहा खिडक्या. वर्षं गेली की पिवळ्या पडतात, वाकतात, मळतात. पत्र्याचे चिमुकले कान दुमडून त्या आतून बसवलेल्या असतात. कान एकदा उघडला, एकदा मिटला, चालतं. पुन्हा वाकवला की तुटलाच समजा.

जाता जाता बेकरीवाला घुटमळला. "मावशी, एक आहे. बाहेरून हव्या तेवढ्या पुसा. काचा आतून पुसू नका."

"का रे बाबा?"

"आतून पोरीने माणसं काढलीत. पेन्सिलीने. छत उचकटून बसायची. प्रत्येक खिडकीत एक प्रवासी."

त्याची पोर अकरा वर्षांपूर्वी तापाने गेली. नऊ वर्षांची होती. सगळ्या गल्लीला माहीत आहे. तेव्हापासून तिच्या आईने पोरीच्या कुठल्याच वस्तूचं नाव काढलं नव्हतं. गाडी यानेच माळ्यावर लपवलेली. आणि गेल्या आठवड्यात बायको आपण होऊन म्हणाली, ती आगगाडी कुठाय? मला बघायचीय.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं तिने," तो म्हणाला. "काढून बघतो तर काचा अशा. बाहेरून काही दिसतच नाही. एकोणतीस तारखेला पोरीचा वाढदिवस असतो. त्या दिवशी दाखवायचीय. माणसं दिसली पाहिजेत, मावशी."

त्याच्या अंगाला पिठाचा वास येत होता. मी म्हटलं, "दिसतील. माझ्यावर सोड."

४ मार्च, मंगळवार

सहाही डब्यांची छतं काढली. भिंग लावून एकेक खिडकी पाहिली. पिवळेपणा आहे, बोटांचे डाग आहेत, धूळ आहे. माणूस मात्र एक नाही. खिडकीशी नेऊन पाहिलं, दिव्याखाली पाहिलं. दिवाही मेला धड उजेड देत नाही, भोवती नुसतं धुरकट कडं. परवाच नवा लावलाय. हल्लीचा मालच असला. या वहीचंही तेच, रेघा इतक्या फिक्या छापल्यात की माझ्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात.

बिचारा बेकरीवाला. पोरीने कधीकाळी काढलं असेल, पुसलंही गेलं असेल. याच्या मनात तेवढं राहिलं. दुःखात माणसाला नको नको ते दिसतं. हे गेल्यावर महिनाभर मला जिन्यावर यांच्या चपला वाजताना ऐकू यायच्या.

आत्ताच त्याला काही सांगत नाही. कशाला खपली काढा!

७ मार्च, शुक्रवार

पहिला डबा बाहेरून केला. कोमट पाणी, एक थेंब साबण, कापूस. मग पॉलिश. घासघास घासलं तरी पट्टी धुरकट ती धुरकटच.

सूनबाई दवाखान्यातून आली, पर्स खांद्याला तशीच, आणि दारातूनच म्हणते, "अहो आई, काचा किती लख्ख झाल्यात! नव्यासारख्या."

ही दातांच्या डॉक्टरकडे फोन उचलते. म्हटलं, "तू दातांचं बघ, काचांचं मी बघते."

"आई, एकदा डोळे दाखवून या ना. मी रजा काढते हवं तर."

झालं सुरू! माझा मुलगा बोटीवर, सहा सहा महिने घरी नाही, म्हणून हिने माझी आई व्हायचं ठरवलंय. परवा दारात कोणी बाई उभी होती, मी दोनदा विचारलं कोण हवंय, बोलेना, म्हणून जरा आवाज चढवला. तर तो हिचा रेनकोट. दारात लटकवतात का असे रेनकोट? त्यावरून हसून हसून लोळली आणि तेव्हापासून डोळे, डोळे, डोळे. तीस वर्षं मी अख्ख्या गावाला चष्मे दिले बाई. वाचायला तेवढा लागतो मला, तोही सवयीने.

१० मार्च, सोमवार

तीन दिवस विचार केला. ठरवलं.

धूर आतल्या बाजूला आहे. बाहेरून जन्मभर घासलं तरी जायचा नाही. आणि पोरीने खरंच काही काढलं असेल, तर अकरा वर्षांचा माळ्यावरचा मळ त्याच्यावर बसलाय. मळ निघाला तरच चित्र दिसेल. हे त्या बेकरीवाल्याला कसं कळावं? त्याला पाव कळतो. जुन्या तसबिरीही अशाच उजळतात, वरची काजळी काढावी लागते. गिऱ्हाईक सांगतं ते ऐकावं आणि काम कसं करायचं ते आपण ठरवावं, असं हे म्हणायचे.

पहिल्या डब्याच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. कान उघडताना एकही तुटला नाही. मी बघत नाही, बोटाने चाचपते, पत्रा कुठे थकलाय ते बोटाला कळतं. पाण्यात सोडल्या आणि कापसाने दोन्ही बाजूंनी पुसल्या. कापूस बोटाशी धरला तर करडा, जरा चकचकीत करडा. बाई बाई, काय तो मळ! तीन बोळे लागले एका पट्टीला. मग दोन जाड काचांमध्ये पट्ट्या ठेवल्या, वर इस्त्री ठेवली, सरळ व्हायला.

खाली चित्र वगैरे काही नव्हतं. मला माहीत होतंच.

१४ मार्च, शुक्रवार

तीन डबे झाले. अजूनही थोडा धूर वाटतो, पण बोट फिरवलं की चर्र वाजतं, म्हणजे स्वच्छ आहेत. इतक्या वर्षांत हात असा लागला नव्हता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पडले, गुडघा सुजलाय. पायऱ्या बांधणाऱ्याने एक पायरी मुद्दाम खोल केलीय असं माझं कायम म्हणणं आहे.

१७ मार्च, सोमवार

पाव आणायला गेले तर गल्ल्यावर बेकरीवाल्याची बायको. अकरा वर्षांत ती दुकानात बाहेर बसलेली मी पाहिली नव्हती, आत भट्टीपाशीच असायची. आवाजावरून ओळखलं.

"मावशी, होईल ना एकोणतीसला?"

"त्याच्या आधीच होईल."

"हे म्हणतात आत माणसं आहेत. किती आहेत हो?"

मी म्हटलं, "काचा अशा करून देते की बघत राहाल." दुसरं काय म्हणणार? तिने पिशवीत दोन पाव जास्तीचे घातले आणि नको म्हटलं तरी ऐकेना. नवऱ्याने हिलाही वेडी आशा लावून ठेवलीय. आता नाही म्हणायचं कुणी? मीच ना.

पाचवा डबा पुसून झाला.

२० मार्च, गुरुवार

लिहवत नाही, पण लिहिते.

सूनबाईला सुट्टी होती. सहाव्या डब्याच्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या होत्या, मी पाणी कोमट करत होते. ती टेबलाशी चहा घेऊन बसली आणि एकदम खिदळली.

"अय्या आई, ही म्हातारी किती गोड आहे हो!"

"कोण म्हातारी?"

"ही काय, पहिल्या खिडकीतली. मांडीवर टोपली घेतलेली. आणि हा झोपलाय, तोंड उघडं टाकून. आई, कुत्रा! कुत्र्याला टाय घातलाय!"

मला वाटलं चेष्टा करतेय, रेनकोटासारखी. म्हटलं, "पुरे झाला फाजीलपणा." ती हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला दिसत नाहीये?"

पट्टी हिसकावून घेतली. उजेडाकडे धरली, तिरकी केली, नाकाशी नेली. सगळं दुधात बुडवल्यासारखं. तिने माझं बोट धरून काचेच्या अगदी जवळ नेलं, टेकवू दिलं नाही. "इथे म्हातारी. इथे तो झोपलेला. इथे एक जाडा, तो दोन खिडक्यांत मावलाय. इथे दोन वेण्यांची मुलगी, जीभ काढून." मग माझ्यासमोर हात धरला आणि विचारलं, "किती बोटं?" मी म्हटलं, "हा काय पोरकटपणा." "सांगा ना, किती?" मला हात दिसत होता. बोटं कुठे संपतात ते दिसत नव्हतं.

"बाकीचे डबे?" तिने विचारलं.

तिने एकेक डबा उचलून पाहिला, पाचही. पाचव्यानंतर खाली बसली. चहावर साय धरली तरी कुणी हात लावला नाही.

तो करडा कापूस. मळ कसला चकचकतो? पेन्सिल चकचकते. तीस वर्षं काचा घासून मला एवढं कळू नये!

२१ मार्च, शुक्रवार

पाच डबे, बारा बारा खिडक्या. साठ.

सकाळी बेकरीवाल्यावरच चिडले होते. पेन्सिलीने काढलेलं कुणी पुसायला देतं का? आधी दाखवायचं नाही का, हे बघा, इथे अमका, इथे तमका? दुपारी दिव्यांवर चिडले. संध्याकाळी चिडायला कुणी उरलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं, ते कुंपण मी.

त्याने सांगितलं होतं. शब्दन् शब्द सांगितलं होतं.

२२ मार्च, शनिवार

डोळ्यांचा डॉक्टर मुलाच्या वयाचा आहे. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, पिकलेले. म्हणाला, "आजी, दोन वर्षांपूर्वीच यायला हवं होतं. इतके दिवस काम कसं केलंत?"

"हाताने," मी म्हटलं.

"ऑपरेशन पंधरा मिनिटांचं असतं हो. त्याच दिवशी घरी."

पंधरा मिनिटं. एका पट्टीला मी तीन बोळे वापरत होते, त्याला वीस मिनिटं लागायची. घरी येताना रिक्षात रडू फुटलं. सूनबाईने माझा हात धरला होता, मी काढून घेतला नाही.

२४ मार्च, सोमवार

सूनबाईचा हात चांगला आहे. लग्नाआधी भेटकार्डं रंगवायची. म्हटलं, "तू काढ."

"काय काढू?"

"माणसं. साठ. त्या सहाव्या डब्यातली बघून तशीच. नऊ वर्षांची पोर काढेल तशी. कोणाला कळणार आहे?"

ती बघत राहिली माझ्याकडे. मग पेन्सिल घेतली आणि एका खिडकीत एक काढलं. बराच वेळ लागला. मी विचारलं, "जमलं का? त्या पोरीसारखं वाटतं?"

"तुम्हीच सांगा, आई."

मी पट्टी हातात घेतली. काय सांगणार, कपाळ?

"मी नाही काढणार," ती म्हणाली. "त्या मुलीच्या डोक्यातली माणसं मी कुठून आणू?"

मग माझी जीभ सुटली. म्हटलं, तुझ्या नवऱ्याच्या घराची अब्रू जातेय आणि तुला तत्त्वं सुचतायत. परक्या घरची ती परकीच. नको ते सगळं बोलले. तिने ते एक माणूस कापसाने पुसलं, कापूस केराच्या डब्यात टाकला आणि भांडी घासायला गेली.

२५ मार्च, मंगळवार

घरात बोलणं नाही.

दुसरा रस्ता आहे, तो जास्त सोपा. म्हणायचं, अरे, काचा उघडल्या तेव्हा या पाच डब्यांत काही नव्हतंच, माळ्यावरच्या उन्हाने उडालं असेल. एका डब्यातलं मात्र मी जपलं बघ. तो विश्वास ठेवेल. ठेवेलच. वर हात जोडून म्हणेल, मावशी, तुम्ही होतात म्हणून एवढं तरी वाचलं. मी आरशासमोर उभी राहून म्हणून पाहिलं. एकदाही अडखळले नाही. आरशात तोंड दिसत नाही हल्ली नीट, बरंच आहे.

२७ मार्च, गुरुवार

सूनबाईला म्हटलं, "चुकले गं." ती म्हणाली, "जेवून घ्या." एवढ्यावर मिटलं. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे, हे तिला कळू नये म्हणून तर मी एवढी करवादते.

सहावा डबा दोघींनी मिळून केला. पट्टी मी कडेने धरली, बाहेरची बाजू तिने ओल्या फडक्याने टिपली. आतल्या बाजूला वारासुद्धा लागू दिला नाही. मग मी चाचपत बसवली. एक कान तुटला, बाकीच्यांनी धरून ठेवलीय.

मी विचारलं, "सांगू का खरं?"

"मला नका विचारू," ती म्हणाली. "मी सांगा म्हटलं म्हणून सांगितलंत, असं नको व्हायला."

२९ मार्च, शनिवार

दोघं आली. अकरा वाजता, दुकान बंद ठेवून. त्याने दाढी केली होती, गालाला साबणाचा वास होता. ती खुर्चीत बसली नाही, काठावर टेकली. मी गाडी टेबलावर मांडून ठेवली होती, वर फडकं. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

फडकं काढायच्या आधीच बोलले. नंतर बोलवलं नसतं.

"काचा मी आतून पुसल्या," म्हटलं. "पाच डब्यांच्या. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. मला माणसं दिसली नाहीत, म्हणून मी धरून चालले की ती नाहीतच. तुला भास होतोय असं वाटलं मला. शेवटचा डबा तेवढा राहिलाय, तोही हिने पाहिलं म्हणून."

बेकरीवाला म्हणाला, "मी सांगितलं होतं, मावशी." मग परत तेच. "मी सांगितलं होतं तुम्हाला." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खिडकीकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

सूनबाईने शेवटचा डबा त्याच्या बायकोच्या हातात दिला. ती तो डोळ्यांशी धरून बसली. किती वेळ, सांगता येत नाही. मग एकदम हसली, नाकातून, हसू नको असताना येतं तसं.

"हा कुत्रा आमच्या मागच्या दाराशी यायचा," ती म्हणाली. "कडक पाव खायला. ही मी आहे. अंबाडा बघा केवढा काढलाय डोक्याएवढा." मग डबा जरा फिरवला. "हा जाडा म्हणजे तिचे मास्तर."

एकेक करून बाराही खिडक्या पाहिल्या तिने. मग डबा मांडीवर ठेवला आणि पहिला डबा उचलला. माझ्या हातचा. त्यातून आरपार दिसत होतं म्हणे, पलीकडची खुर्ची, भिंत, सगळं. सूनबाईने नंतर सांगितलं. त्याची बायको तो डबा फिरवून फिरवून बघत होती. मग दुसरा. मग तिसरा.

"यांच्यात कोण होतं?" तिने नवऱ्याला विचारलं.

तो वळला नाही. "मी दोन-चारच पाहिली होती गं. भट्टी पेटवायची घाई असायची. म्हणायचो, नंतर दाखव."

"मी तर एकही नाही. महागाची वस्तू खराब करतेस म्हणून हातातून ओढून घेतली होती मी. रडली होती." ती हे अगदी सरळ आवाजात म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, पण खुर्ची माझ्याकडे सरकल्याचा आवाज आला. "मावशी, तुम्ही तर एकेक खिडकी हातात घेऊन बसला होतात ना? इतके दिवस? एखादं तरी आठवत असेल. बाई होती का बाप्या होता, एवढं तरी. सांगा ना."

रागाने नाही विचारलं. शेजारणीला काही विचारावं तसं विचारलं. मी आठवायला लागले, खरंच आठवायला लागले, देवाशपथ. साठ माणसं माझ्या या बोटांखालून गेली, आणि मला आठवत होता तो फक्त ओला कापूस.

"नाही हो," मी म्हटलं. "एकही नाही पाहिलं मी."

ती उठली नाही. मी आणखी काही सांगेन म्हणून थांबली होती.